तुटपुंज्या पैशांतला लघुपट : विद्यार्थ्यांचे प्रश्न आणि उत्तरे

लघुपट करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्या महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन या सदरातून मागच्या अंकात केले होते. मराठवाड्यातून आलेली पत्रे वाचून आनंद झाला, कारण त्यांतले बहुतेक विद्यार्थी केवळ हौस म्हणून विचारत नाहीत. त्यांच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी आहे आणि ते कसे सांगावे याची त्यांना खरोखर काळजी आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही छत्रपती संभाजीनगरला पदव्युत्तर शिक्षण घेणारे पाच मित्र आहोत. वर्गणी काढून १२,००० रुपये जमवले आहेत आणि १० मिनिटांचा लघुपट दोन दिवसांत चित्रित करायचा आहे. चांगला कॅमेरा आणि दोन लेन्स भाड्याने घेतल्या तर निम्म्याहून अधिक रक्कम त्यातच संपते. मोबाइलवर केलेला लघुपट कोणी गांभीर्याने घेईल का?

उत्तर : घेतील, पण आवाज नीट असेल तरच. चित्र थोडे दाणेदार असले तर प्रेक्षक ते चालवून घेतो आणि कथा पकड घेऊ लागली की विसरूनही जातो. पात्र काय बोलले हे मात्र लागोपाठ दोनदा कळले नाही की तो कथेतून बाहेर पडतो. तुमच्या पत्रात कॅमेरा आणि लेन्सबद्दल सविस्तर लिहिले आहे, माइकचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

मोबाइलच्या किंवा कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर विसंबू नका. तोंडापासून माइकचे अंतर दुप्पट झाले की उघड्यावर आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. आजूबाजूचा गोंगाट आणि खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो, त्यामुळे चार हातांवरून टिपलेला संवाद विहिरीतून आल्यासारखा ऐकू येतो. कॉलरला लावायचा वायरचा छोटा माइक विकत घ्या, तो एखाद्या जुन्या मोबाइलला जोडा आणि तो मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून पात्राच्या खिशात ठेवा. दोन पात्रे असतील तर असे दोन संच करा. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झवर ठेवावे आणि मोठ्यात मोठा आवाज ॲपच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक स्वच्छ टाळी वाजवली की संकलनाच्या वेळी चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. खोलीतला पंखा, कूलर, फ्रिज बंद करा. फ्रिज पुन्हा सुरू करायचा राहून जाऊ नये म्हणून परतीच्या गाडीची किल्ली त्यातच ठेवून द्यावी, ही जुन्या ध्वनिमुद्रकांची युक्ती आहे. आणि प्रत्येक ठिकाण सोडण्यापूर्वी सर्वांनी मिनिटभर गप्प उभे राहून त्या जागेचा नुसता आवाज टिपून घ्यावा. दोन संवादांमधली फट भरायला संकलनात तोच उपयोगी पडतो, आणि नंतर तो कितीही पैसे मोजून मिळत नाही.

आता चित्राकडे वळू. मोबाइलवर फोकस, प्रकाशमान (एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) या तिन्ही गोष्टी लॉक करता आल्या पाहिजेत. नाहीतर पात्र हलले की चित्र आपोआप उजळते, मंदावते, आणि ते पाहणाऱ्याला लगेच जाणवते. त्यासाठी ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही मोफत ॲप चालतात. शक्य असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने घरातले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि शटर त्या गतीशी जुळले नाही तर चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. काही मोबाइल चित्रीकरणाच्या वेळी फ्रेमची गती स्वतःच कमी-जास्त करतात, त्यामुळे वेगळा टिपलेला आवाज हळूहळू मागे-पुढे होऊ लागतो. असे आढळल्यास हँडब्रेक या मोफत प्रणालीतून फाइल एकसमान गतीची करून घ्यावी आणि मगच संकलनाला बसावे. संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विद्यार्थ्यांना पुरून उरते. विभागातला संगणक जुना असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट तुलनेने हलके आहेत.

उरलेल्या पैशांतला मोठा वाटा जेवणावर आणि प्रवासावर खर्च करा, आणि याला उधळपट्टी समजू नका. बिनपैशांनी आलेली दहा माणसे दुपारी दोनपर्यंत उपाशी राहिली तर तिसऱ्या टेकपासून त्यांचे मन तुमच्या लघुपटात राहत नाही. त्याखालोखाल हार्ड डिस्क. रोज संध्याकाळी मोबाइल रिकामा करण्यापूर्वी सारे चित्रण दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवावे, आणि ती दोन ठिकाणे एकाच पिशवीत ठेवू नयेत.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहितो. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट असा ढोबळ हिशेब असतो. नवशिक्या चमूची दिवसाला तीन-चार पाने नीट झाली तरी पुष्कळ झाले. दोन दिवसांत दहा पाने उरकायला गेलात तर शेवटचे दोन प्रसंग मावळतीच्या घाईत होतील, आणि लघुपटाचा शेवट बहुधा त्यांतच असेल. पटकथा आत्ताच सात पानांवर आणा. जे तीन पानांत जाईल ते संकलनाच्या टेबलावरही गेलेच असते, फक्त तोवर त्यावर पैसे आणि माणसांचे श्रम खर्च झाले असते.

प्रश्न : मी धारूर तालुक्यातील आहे. माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. मी जनसंवादाच्या दुसऱ्या वर्षाला असून मला याच विषयावर लघुपट करायचा आहे. परंतु आमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे की हा विषय आता फार घासून झाला, परीक्षकही कंटाळले आहेत. मी विषय बदलावा का?

उत्तर : बदलू नका. मार्गदर्शकांचा कंटाळा मी समजू शकतो, कारण भेगाळलेली जमीन, मागे करुण बासरी, आभाळाकडे पाहणारा म्हातारा आणि झाडाच्या फांदीला लोंबणारा दोर एवढ्यावर उभे असलेले लघुपट त्यांनीही पुष्कळ पाहिले असतील. ते बहुतेक वेळा या जगण्याच्या बाहेर उभे राहून केलेले असतात. तुम्ही आत आहात आणि तुम्हाला जे माहीत आहे ते दोन दिवसांसाठी गावात उतरलेल्या माणसाला दिसणारच नाही.

दिवाळी झाली की गावातल्या कोणत्या आळीत कुलपे लागतात आणि कोणत्या घरी म्हातारी माणसे राखणीला राहतात, हे तुम्ही पाहिलेले आहे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचा हिशेब घरात कोणत्या आवाजात बोलला जातो, ते तुम्ही ऐकलेले आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मग हंगामात बाई आजारी पडली तर उरलेल्या अर्ध्या कोयत्याचे काय होते, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सुचणारही नाही. फडातली कोपी (राहण्याची झोपडी), पाचटाचा वास, संध्याकाळी वाढे (उसाचे शेंडे) विकून मिळणारे चार पैसे, हे सगळे तुमच्याजवळ आहे. त्यातले फक्त एक उचला. उदाहरणार्थ, आई-वडील पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर आहेत, दहावीतली मुलगी आजीजवळ आहे आणि शाळेने एका अर्जावर पालकाची सही मागितली आहे. सही कोण करणार? आजीचा अंगठा चालेल का? मुलगी आईची सही स्वतः करते का, आणि केली तर रात्री आईचा फोन आल्यावर तिला सांगते का? तीन पात्रे, एक घर, शाळेची एक खोली आणि एक फोन यांत हे भागते. कारखाना दाखवावा लागत नाही, ऊसही दाखवावा लागत नाही. फोनवर आईच्या मागून येणारा ट्रॅक्टरचा आवाज पुरेसा आहे. ही कथा तुम्ही घ्यावी असा माझा आग्रह नाही. एवढ्या छोट्या गोष्टीतून अख्खा हंगाम कळू शकतो, हे दाखवण्यासाठी ती सांगितली.

कथापट करावा की माहितीपट, याचा निर्णय घेताना एका गोष्टीचा गंभीरपणे विचार करा. उचल फिटलेली नसताना एखाद्या कामगाराने कॅमेऱ्यासमोर मुकादमाविषयी बोललेले एक वाक्य त्या कुटुंबाला पुढच्या हंगामात महागात पडू शकते. लघुपट संपला की तुम्ही विद्यापीठात परत जाल, त्यांना मात्र त्याच टोळीत राहायचे असते. म्हणून माहितीपट केलात तर बोलणाऱ्याला त्याचे चित्रण पूर्ण झाल्यावर दाखवा, आणि ‘हे काढून टाक’ असे त्याने म्हटले तर वाद न घालता काढून टाका. कथापटात ही जोखीम बरीच कमी होते, कारण माणूस स्वतःच्या नावाने बोलत नसतो. कोपीत राहणाऱ्यांचे चित्रण त्यांना न विचारता लांबून करणे तर टाळलेच पाहिजे. ते त्यांचे घर आहे.

लहान मुलांकडून काम करून घेणार असाल तर चित्रपट आणि मालिकांतील बालकलाकारांसाठी केंद्र सरकारच्या नियमांत जी मर्यादा आहे, ती तुम्ही आपणहून पाळावी : दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. आई-वडील दूर असतील तर जे मूल सांभाळतात त्यांना पूर्ण कल्पना द्या, त्यांची लेखी संमती घ्या आणि फोनवर आई-वडिलांशीही बोला.

प्रश्न : माझे शिक्षण अंबाजोगाईला चालू आहे. आमच्या गावातील माळवदाच्या (सपाट मातीच्या छताच्या) जुन्या घरात मला लघुपट करायचा आहे. चाचणीसाठी मोबाइलवर चित्रण केले, पण आत इतका अंधार आहे की चित्र फार दाणेदार येते. दिवे भाड्याने आणण्याइतके पैसे नाहीत. शिवाय पटकथेत रात्रीचे दोन प्रसंग आहेत आणि आमच्या मुलींच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी सातला बंद होते. काय करता येईल?

उत्तर : तुमच्या घराची निवड उत्तम आहे. माळवदाच्या घरात प्रकाश दार आणि छतातला झरोका अशा दोनच वाटांनी येतो, त्यामुळे तो कुठून येतो हे प्रेक्षकाला लगेच कळते आणि चित्राला आपोआप खोली येते. महागडे दिवे लावणारेही पुष्कळदा हाच परिणाम साधण्यासाठी धडपडत असतात.

पात्राला दारापासून तीन-चार फूट आत, दाराकडे अर्धवट तोंड करून बसवा. दार कॅमेऱ्याच्या एका बाजूला राहू द्या. कॅमेरा थेट दाराकडे रोखला तर माणूस काळी सावली होईल. चेहऱ्याची जी बाजू अंधारात जाते, तिच्यापासून दोन-अडीच फुटांवर पांढऱ्या थर्माकोलचा मोठा तुकडा धरा. दुकानात टीव्हीच्या वेष्टनातून निघालेला चालतो. उन्हाचा कवडसा जमिनीवर पडत असेल तर तिथे पांढरे धोतर किंवा चादर अंथरा, म्हणजे तोच कवडसा वर उसळून चेहऱ्यावर येईल. प्रकाशमान चेहऱ्यावर लॉक करा आणि मागची भिंत अंधारात जात असेल तर जाऊ द्या. उतरंडीच्या कडेला आणि तांब्याच्या घागरीवर जो थोडा उजेड अडकतो, तेवढ्याने घर उभे राहते. मोबाइलला तीन लेन्स असतील तर फक्त मुख्य लेन्स वापरा. बाकीच्यांचे सेन्सर बहुधा लहान असतात आणि कमी उजेडात त्यांचेच चित्र अधिक बिघडते. दार पूर्वेला असेल तर सकाळी आठ ते दहा ही वेळ या घरासाठी राखून ठेवा, आणि दोन दिवस आधी त्याच वेळी तिथे नुसते बसून ऊन कसे सरकते ते पाहून या.

रात्रीचे प्रसंग दुपारी करा. दार आणि झरोका जाड गोधड्यांनी बंद केला की मातीच्या जाड भिंतींच्या त्या घरात भरदुपारी मध्यरात्र होते. प्रसंगातच दिसेल असा एक पिवळसर बल्ब लावा, तो पात्राच्या जवळ ठेवा आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. मोबाइल आपोआप रंग सुधारू लागला तर तो पिवळेपणा पुसून टाकतो. चिमणी किंवा कंदील वापरणार असाल तर गोधड्यांपासून लांब ठेवा आणि पाण्याची बादली हाताशी असू द्या. बाहेरून मोर, कोकीळ किंवा शाळेच्या घंटेचा आवाज आत येत असेल तर मात्र संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावा लागेल. रातकिड्यांचा आवाज एखाद्या रात्री गावी मुक्कामाला असाल तेव्हा टिपून ठेवा.

अशा रीतीने रोजचे काम सकाळी साडेसहा ते दुपारी चार या वेळेत बसू शकते आणि शेवटची सोयीची एसटीही मिळते. कुठे, किती वाजेपर्यंत आणि कोणासोबत काम आहे याचा कागद करून तो घरी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे आधीच द्यावा, असे मी सुचवीन. मुलींनी चित्रीकरणासाठी बाहेर जाण्याला जो विरोध होतो तो मला मान्य नाही, परंतु असा कागद हाती पडल्यावर तो बराच मावळतो, हे मी पाहिले आहे.

प्रश्न : उदगीरला आमचे चित्रीकरण चालू आहे. माझी सख्खी आजीच आजीची भूमिका करते आहे. एरवी ती दिवसभर बोलते, पण कॅमेरा सुरू झाला की पाठ केलेले वाक्य शाळेतल्या मुलासारखे म्हणून दाखवते. शिवाय संवाद आमच्या बोलीत ठेवावेत की प्रमाण मराठीत, यावर आमच्यात वाद आहे. पुण्या-मुंबईच्या परीक्षकांना ‘काय करूलालास’ कळेल का?

उत्तर : तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ बहुधा लिखित संवादांत आहे. आजींना पाठांतर देऊ नका. प्रसंग काय आहे, समोरच्याकडून त्यांना काय हवे आहे आणि कोणती एक गोष्ट बोलण्यात आलीच पाहिजे, एवढेच सांगा, आणि बाकीचे त्यांना त्यांच्या शब्दांत बोलू द्या. हाताला काम द्या : लसूण सोलणे, ज्वारी निवडणे, वाती वळणे. हात कामात गुंतले की माणसाचे डोळे कॅमेरा शोधत नाहीत आणि बोलणेही आपसूक येते. समोरच्या पात्राचे काम करणाऱ्याने मात्र संवाद पक्के करावेत, कारण आजी कुठेही वळल्या तरी त्यांना मूळ मुद्द्यावर आणण्याची जबाबदारी त्याची आहे. ‘ॲक्शन’ असे मोठ्याने ओरडू नका. तालीम म्हणूनच चित्रण सुरू करा, अर्थात चित्रण सुरू असेल हे त्यांना आधी सांगून. आणि शक्य असेल तर मोबाइल त्यांच्यापासून थोडा लांब, तिपाईवर ठेवून चित्रण करणारा बाजूला बसावा.

बोलीबद्दल मला शंका नाही. पात्र जिथले आहे तिथले बोलले पाहिजे, आणि उदगीरचे पात्र तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेवरचे असल्यामुळे त्याच्या मराठीत जो हेल आणि जे शब्द आहेत ते लपवण्यासारखे नाहीत. फक्त दोन गोष्टी सांभाळा. घरातले सगळे एकाच ठिकाणचे असतील तर एकाने उदगीरचे आणि दुसऱ्याने परभणीचे बोलू नये. मराठवाड्याबाहेरच्या प्रेक्षकाला ते कळणार नाही, पण तुमच्या गावच्या प्रेक्षकाला लगेच खटकेल. आणि बोली हशा पिकवण्यासाठी वापरू नये. शिकलेले पात्र प्रमाण मराठी बोलते आणि खेडवळ पात्र बोली बोलून हसू ओढवून घेते, ही मांडणी पडद्यावर पुष्कळ झाली आहे आणि तिने आपल्या माणसांचा अपमान केला आहे. परीक्षकांना न समजणारे शब्द उपशीर्षकांतून समजतील.

प्रश्न : दौलताबादच्या किल्ल्यावर आणि बसस्थानकावर गुपचूप मोबाइलवर चित्रण केले तर चालते का? आमच्या एका मित्राकडे लहान ड्रोनही आहे.

उत्तर : गुपचूप करू नये. दौलताबादचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. पर्यटकाने मोबाइलवर टिपणे वेगळे आणि पात्रे, तिपाई, माइक घेऊन कथापट चित्रित करणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारासाठी विभागाची पूर्वपरवानगी लागते, शुल्कही असते. संभाजीनगरात विभागाचे मंडळ कार्यालय आहे. तिथे विद्यापीठाच्या विभागप्रमुखांचे पत्र घेऊन जा, पण उत्तर यायला वेळ लागतो हे गृहीत धरा. बसस्थानकासाठी आगार व्यवस्थापकांपासून सुरुवात करावी. ते बहुधा विभागीय कार्यालयाकडे पाठवतात. राज्यातल्या शासकीय जागांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, तीही पाहून ठेवा.

ड्रोनसाठी २०२१ चे नियम लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला चालकाचा परवाना लागत नाही, पण कुठे उडवता येईल हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशातल्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांवरून ठरते. चिकलठाणा विमानतळाच्या आसपासच्या भागात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येणार नाही, आणि संरक्षित स्मारकावर तर मुळीच नाही. खरे सांगायचे तर विद्यार्थ्यांच्या लघुपटांत ड्रोनची दृश्ये बहुतेकदा कथेला काहीच देत नाहीत. तुमच्या कथेला किल्लाच हवा आहे की एक पडकी, उंच, जुनी जागा हवी आहे, हे एकदा तपासा. मराठवाड्यात गावोगावी पडझड झालेल्या गढ्या आहेत. त्यांच्या मालकांना किंवा ग्रामपंचायतीला विचारून तिथे दोन दिवस निवांत काम करता येईल.

प्रश्न : लघुपटाच्या शेवटी एका जुन्या मराठी चित्रपटातील गाणे अर्धा मिनिट वापरले तर चालेल का?

उत्तर : परवानगीशिवाय नाही. ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ ही समजूत निराधार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि शब्द व चाल यांचा हक्क कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे; म्हणून ध्वनिमुद्रण खूप जुने झाले तरी गाणे मोकळे झालेच असे नाही. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या बाईंना जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगा. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग किंवा पैठणच्या एकनाथांची भारुडे यांचे शब्द सर्वांसाठी खुले आहेत, मात्र दुसऱ्या गायकाने केलेले त्यांचे ध्वनिमुद्रण उचलू नका. स्वतः ध्वनिमुद्रित करा, म्हणणाऱ्याची संमती घ्या आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव ठळकपणे द्या.

प्रश्न : नांदेडहून लिहीत आहे. आमचा लघुपट आम्ही इंटरनेटवर सापडतील त्या महोत्सवांना पाठवला. प्रवेशशुल्कात बरेच पैसे गेले. पाच-सहा ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्रे आली, पण लघुपट प्रत्यक्ष कुठे दाखवला गेला हे आम्हाला आजही ठाऊक नाही. लघुपटासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते का?

उत्तर : तुमच्यासारखी पत्रे आणखीही आली आहेत आणि ती वाचून वाईट वाटले, कारण हा पैसा तुमच्या पुढच्या लघुपटाचा होता. दर महिन्याला पुरस्कार जाहीर करणारे, डझनावारी विभाग असलेले आणि जवळजवळ प्रत्येकाला काही ना काही देणारे महोत्सव प्रवेशशुल्कावर चालतात. शुल्क भरण्यापूर्वी पाहावे की मागच्या वर्षी कोणते लघुपट कोणत्या सभागृहात, किती वाजता दाखवले गेले याची छापील किंवा जाहीर कार्यक्रमपत्रिका आहे का, आणि परीक्षकांची नावे दिली आहेत का. ती सापडत नसतील तर पैसे पाठवू नका.

मुंबईचा ‘मिफ’ हा महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी होतो. केरळमध्ये तिरुवनंतपुरमला माहितीपट आणि लघुपटांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय महोत्सव असतो. आपल्या संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. तिथे निवड होवो अथवा न होवो, प्रेक्षक म्हणून पूर्ण दिवस बसण्यासाठी तरी अवश्य जावे. महोत्सवांच्या फेऱ्या संपेपर्यंत लघुपट यूट्यूबवर सर्वांसाठी खुला करू नका, कारण आधी प्रदर्शित झालेल्या लघुपटांना काही महोत्सव घेत नाहीत. परीक्षकांना पासवर्ड असलेला दुवा पाठवावा.

सेन्सॉरविषयी थोडक्यात सांगतो. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार चित्रपटगृहातील सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र लागते. यूट्यूबवर टाकण्यासाठी ते लागत नाही, आणि महोत्सवांसाठी सूट मिळवण्याची व्यवस्था आयोजक करतात. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांना पाठवायचे असल्यास मात्र त्या पुरस्कारवर्षात मिळालेले प्रमाणपत्र आवश्यक असते, म्हणून तसा विचार असेल तर डिसेंबरची वाट पाहू नका.

तुमचा लघुपट मी पाहिला. चित्रण आणि आवाज चांगले आहेत, पण इंग्रजी उपशीर्षकांत बऱ्याच चुका आहेत, आणि काही वाक्ये इतकी लांब आहेत की वाचून होण्याआधी ती पडद्यावरून जातात. मराठी न कळणाऱ्या परीक्षकासमोर तुमच्या पात्राचे बोलणे तेवढेच असते. इंग्रजीच्या एखाद्या प्राध्यापकांना सोबत घेऊन सगळी उपशीर्षके पुन्हा लिहा. एका वेळी दोन ओळींहून अधिक नकोत, ओळीत चाळीसेक अक्षरे पुरेत, आणि लहानात लहान वाक्यही निदान सेकंदभर पडद्यावर राहू द्या. मग मराठी अजिबात न येणाऱ्या, लघुपट आधी न पाहिलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला तो दाखवा आणि गोष्ट त्याच्याकडून ऐका. तो जिथे अडखळेल तिथली उपशीर्षके दुरुस्त करूनच पुढच्या महोत्सवाला पाठवा.